पाच किलोमीटरने हुकलेला विक्रम

सध्या जगातला सगळ्यांत लांब पल्ल्याचा थेट विमानप्रवास म्हणजे सिंगापूर ते न्यूयॉर्क. चांगी विमानतळापासून जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंत १५,३४९ किलोमीटर. सिंगापूर एअरलाइन्सचंच दुसरं विमान सिंगापूरहून न्यूजर्सीतल्या नेवार्कला जातं, ते अंतर भरतं १५,३४४. माझी भाची राहते एडिसनला. एडिसनकरांना नेवार्क जवळचं, म्हणून तिने तिकीट नेवार्कचं काढलं आणि माझा जागतिक विक्रम पाच किलोमीटरने हुकला. स्वारगेटहून शिवाजीनगरला जावं, एवढ्यासाठी! हे तिला सांगितलं, तर ती म्हणाली, “मावशी, केनेडीहून तुला घरी आणायचं म्हणजे दोन पूल आणि त्यांचे टोल. विक्रम राहू दे.”

मुंबईहून न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडून अमेरिकेला जायला सिंगापूरचा वळसा घेणं हा शुद्ध वेडेपणा. पण भाऊ सिंगापूरला असतो, त्याच्याकडे जायचंच होतं, आणि या विमानाबद्दलची उत्सुकता बरीच जुनी होती. नकाशा घेऊन बसणाऱ्या माणसांना अशी व्यसनं असतात.

भावाच्या मुलाच्या टेबलावर पृथ्वीचा गोल आहे. त्यावर त्याने दोरा ताणून धरला. एक टोक सिंगापूरवर, दुसरं न्यूयॉर्कवर. दोरा पॅसिफिकवरून गेला नाही, अटलांटिकवरूनही नाही. तो सरळ उत्तरेकडे चढला आणि ध्रुवाच्या अगदी कडेने पलीकडे उतरला. “आत्या, तू उत्तर ध्रुवावरून जाणार!” त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

दोऱ्याचं म्हणणं खरं आहे, आणि ते कागदावर पडताळूनही पाहता येतं. सिंगापूर १०४ अंश पूर्व रेखांशावर, नेवार्क ७४ अंश पश्चिम रेखांशावर. बेरीज १७८. म्हणजे ही दोन गावं पृथ्वीच्या जवळपास समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, आणि अशा दोन ठिकाणांमधली सगळ्यांत जवळची वाट ध्रुवालगतूनच जाते. सिंगापूरचा अक्षांश १.४ उत्तर, म्हणजे तिथून ध्रुव ८८.६ अंश. नेवार्कचा अक्षांश ४०.७, म्हणजे ध्रुवापासून खाली ४९.३ अंश. दोन्ही मिळून १३८ अंशांना थोडे कमी. एका अंशाला १११ किलोमीटर आणि वर थोडं. गुणाकार करा, १५,३४४च्या शेजारीच येऊन पोचता. विमानतळांमधलं जे अंतर छापलेलं असतं ते असं भूमितीतून येतं. विमान त्या वाटेने गेलंच पाहिजे असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं.

ती वाट मात्र बघण्यासारखी आहे. १०४व्या रेखांशाच्या आसपास राहून वर जायचं, तर लाओस, मग चीनमधलं चेंगडू, मंगोलिया, बैकल सरोवराजवळचं इर्कुत्स्क आणि शेवटी चेल्युस्किनचं भूशिर, म्हणजे युरेशियाच्या मुख्य भूमीचं उत्तरेकडचं शेवटचं टोक. हे सगळं जणू एका रेघेवर मांडून ठेवलंय. ध्रुवापलीकडे एल्समिअर आणि बॅफिन ही कॅनडाची बर्फाळ बेटं, क्वेबेक, मग न्यूयॉर्क. मी ही नावं पाठ करून विमानात बसले आणि यातलं एकही गाव खिडकीतून दिसणार नाही हेही मला ठाऊक होतं.

कारण विमान कंपनीचाच आकडा वेगळा होता. २०१८मध्ये सिंगापूर-नेवार्क सेवा नव्याने सुरू झाली तेव्हा कंपनीने प्रवासाचं अंतर सांगितलं होतं सुमारे १६,७०० किलोमीटर. भूमितीपेक्षा साडेतेराशे किलोमीटर जास्त! रशियाच्या आकाशातून उडण्याची अडचण २०२२पासूनची, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतरची. पण हा जास्तीचा वळसा त्याआधीपासूनचा आहे. तो वाऱ्यासाठी घेतलेला आहे.

दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद, वेगवान पट्टा वाहत असतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जपानच्या आसपास, विशेषतः हिवाळ्यात, तो जगात सगळ्यांत जोरदार असतो. ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. विमानाचा स्वतःचा वेग हवेच्या तुलनेत ताशी नऊशेच्या आसपास ठरलेला. हवाच जर ताशी दोनशेने पुढे सरकत असेल तर जमिनीवरून विमान अकराशेने चाललेलं दिसतं. उलट दिशेने गेलात तर सातशे. तेव्हा थोडं लांबून पण पाठीवर वारा घेऊन जाणं हे जवळून वारा अंगावर घेत जाण्यापेक्षा स्वस्त आणि लवकरचं. उत्तर पॅसिफिकवरचे बरेचसे हवाई मार्ग तर रोजच्या वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्याने आखले जातात. कालची वाट आज असेलच असं नाही.

या वाऱ्याच्या शोधाची गोष्ट मला फार आवडते. वासाबुरो ओइशी नावाचा जपानी हवामानशास्त्रज्ञ १९२०च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून त्यांचा माग काढत होता. वर कमालीचा जोरदार वारा आहे हे त्याने नेमकं मोजलं आणि १९२६मध्ये प्रसिद्धही केलं. पण साऱ्या जगाला वाचता यावं म्हणून त्याने अहवाल लिहिला एस्परांतो या बनवलेल्या भाषेत! जपानबाहेर त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. नोव्हेंबर १९४४मध्ये अमेरिकी बी-२९ विमानं टोकियोवर उंचावरून बाँब टाकायला गेली तेव्हा वाऱ्याने त्यांचे नेम पार उधळले. जपान्यांनी त्याच सुमारास याच वाऱ्यावर बाँब बांधलेले कागदी फुगे सोडले, नऊ हजारांहून अधिक. तीनेक दिवसांत पॅसिफिक ओलांडून ते अमेरिकेच्या किनाऱ्याला लागावेत अशी योजना. बहुतेक वाया गेले. पण ५ मे १९४५ रोजी ऑरेगन राज्यात रानात सहलीला आलेली एक स्त्री आणि पाच मुलं अशाच एका बाँबने मारली गेली. आता त्याच वाऱ्यावर बसून आम्ही चादर ओढून झोपणार होतो.

विमान रात्री साडेअकराच्या पुढे निघणार होतं. एअरबस ए३५०-९०० यूएलआर. शेवटची तीन अक्षरं ‘अतिदीर्घ पल्ला’ या अर्थाची. नेहमीच्या ए३५०-९००मध्ये १ लाख ४१ हजार लिटर इंधन मावतं, याच्यात १ लाख ६५ हजार. टाक्या तेवढ्याच, आतली रचना बदलून त्यांत जास्त भरायची सोय केलेली. उड्डाणाच्या वेळी विमानाचं कमाल वजन २८० टन. टाक्या काठोकाठ भरल्या तर त्यातले १३० टन नुसतं इंधन! प्रवासी मात्र १६१. एरवी याच मापाच्या विमानात तीनशे माणसं सहज बसतात. इथे ६७ जागा बिझनेसच्या आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीच्या. साधी इकॉनॉमी नाहीच. पुढच्या बाजूचा सामानाचा कक्षही वापरत नाहीत. लांब पल्ल्याचं सगळं दुखणं इथे आहे: सोळाव्या तासाला लागणारं इंधन पहिल्या तासापासून वाहून न्यावं लागतं, आणि ते वाहण्यासाठी आणखी इंधन जाळावं लागतं. म्हणून माणसं कमी आणि तिकीट महाग. मधे एक थांबा घेणारी विमानं स्वस्त पडतात, त्यामागे हाही एक हिशेब आहे. माझ्यासारखीने हे तिकीट वर्षानुवर्षं काढावं असं ते नाही.

हा हिशेब पूर्वी एकदा कोसळलेलाही आहे. २००४मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने हीच सेवा एअरबस ए३४०-५०० विमानाने सुरू केली होती. त्याला चार इंजिनं. इंधनाची भूक त्याच प्रमाणात. पुढे २००८मध्ये आतल्या सगळ्या जागा काढून फक्त शंभर बिझनेस क्लासच्या ठेवल्या. तरी परवडेना, नोव्हेंबर २०१३मध्ये सेवा बंद झाली. त्या जुन्या विमानाबद्दलची एक बातमी अजून आठवते. इतक्या लांबच्या प्रवासात एखादा प्रवासी दगावला तर मृतदेह ठेवायला एक वेगळं कपाट त्यात केलेलं होतं. व्यवहारी शहाणपण म्हणून पटतं, पण चढताना नजर उगाच कपाटांकडे गेली. पाच वर्षांच्या खंडानंतर, ११ ऑक्टोबर २०१८ रोजी, दोन इंजिनांच्या ए३५०ने हीच वाट पुन्हा धरली. पहिलं उड्डाण नेवार्कला पोचलं १७ तास ५२ मिनिटांत. वेळापत्रकात मात्र साडेअठरा तासांच्या आसपास लिहिलेले असतात, कारण रोजचा वारा पहिल्या दिवसासारखा असेलच असं नाही.

मला जागा मिळाली होती मागच्या तीन रांगांपैकी एकीत. तिथे विमानाची शेपूट निमुळती होत जाते, म्हणून खिडकीलगत एकच खुर्ची असते. शेजारी कुणी नाही, उठताना कुणाच्या गुडघ्यांवरून उड्या नाहीत. प्रीमियम इकॉनॉमीतल्या सगळ्यांत उत्तम जागा त्याच, आणि त्या जास्त पैसे मोजून घ्याव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. जेवणं, चित्रपट, गरम रुमाल यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सगळं नीटनेटकं.

लिहिण्यासारखी आहे ती हवा. विमानाच्या आतला दाब जमिनीवरच्याइतका कधीच नसतो. जुन्या विमानांत तो आठ हजार फूट उंचीवरच्यासारखा असायचा. ए३५०चं अंग बरंचसं कार्बन फायबरचं, जास्त दाब सोसणारं, त्यामुळे इथे तो सहा हजार फुटांवरचा ठेवतात. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. थोडक्यात, अठरा तास कळसूबाईच्या माथ्याहून थोडं उंच बसून काढायचे. आठ हजार फुटांपेक्षा हे पुष्कळ बरं. डोकं जड होत नाही, घसा कमी सुकतो. पाणी मात्र मागून मागून प्यावं लागतं आणि दर दोन तासांनी फेऱ्या माराव्या लागतात, नाहीतर पायात रक्त साकळतं. शेवटच्या भागातल्या पँट्रीजवळ अशा फेऱ्या मारणाऱ्यांचं एक मंडळच जमलं होतं. एक निवृत्त तमिळ शिक्षिका होत्या, सिंगापुरात जन्मलेल्या, नातवाच्या बारशाला निघालेल्या. त्यांनी प्रवासभर घड्याळाला हात लावला नाही. “काटे तेच राहणार,” त्या म्हणाल्या. खरंच की! ऑक्टोबरात न्यूयॉर्कचं घड्याळ सिंगापूरपेक्षा नेमकं बारा तास मागे असतं. काट्यांच्या घड्याळात संध्याकाळचे सहा आणि सकाळचे सहा एकच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे सारतात आणि ही गंमत चार महिने बंद पडते.

उजाडलं ते पाचेक तासांनी, जपानच्या दक्षिणेला. वार शुक्रवार. पडद्यावर वेग वाढत वाढत ताशी अकराशेच्या घरात गेला होता. ओइशींचा वारा लागला होता. खाली ढग, ढगांच्या फटीत शिसवी रंगाचा समुद्र. यापुढे अमेरिका खंड येईपर्यंत जमीन जवळपास नाहीच.

दोन इंजिनांच्या विमानाने इतक्या मोकळ्या समुद्रावर जावं का, हा प्रश्न एके काळी फार गंभीर होता. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर किती वेळात विमानतळ गाठता येईल, यावर दुइंजिनी विमानांची वाट ठरायची. १९८५मध्ये अटलांटिक ओलांडायची मुभा मिळाली तेव्हा ही मर्यादा दीड-दोन तासांची होती. ए३५०ला ३७० मिनिटांपर्यंतची परवानगी आहे, म्हणजे सहा तासांहून जास्त वेळ एका इंजिनावर! तरीही वाटेवरचे आडबाजूचे विमानतळ वैमानिकांच्या यादीत असतात. त्यातलं माझं आवडतं नाव अलास्कातलं कोल्ड बे. वस्ती शंभराच्या आत, पण धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब. दुसऱ्या महायुद्धात बांधलेली ती पट्टी आता अडल्यानडल्या विमानांची वाट पाहत असते. वैमानिक चार असतात, दोघे चालवतात तेव्हा दोघे झोपतात. आपण निजलेले असताना त्यांच्यातलेही दोघे निजलेले आहेत ही माहिती कुणाला धीर देते, कुणाला नाही.

वाररेषा ओलांडली तेव्हा बाहेर लख्ख दुपार होती. एका क्षणात शुक्रवारची दुपार गुरुवारची झाली. १५२२च्या जुलैत मॅगेलनच्या ताफ्यातलं उरलेलं जहाज पृथ्वीला वळसा घालून केप व्हर्द बेटांना लागलं, तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि बेटावरचे लोक गुरुवार म्हणत होते. रोजनिशी लिहिणाऱ्या पिगाफेत्ताने एक दिवसही चुकवला नव्हता, तरी हिशेबात एक दिवस गळाला होता. पश्चिमेकडे जात राहिलं की तो गळतो, पूर्वेकडे गेलं की एक वाढतो. ती बेरीज-वजाबाकी आता पॅसिफिकमधल्या या एका रेघेवर उरकून टाकतात.

पूर्वेकडे पळणाऱ्या विमानातला दिवस आखूड असतो, कारण आपण सूर्याच्या उलट दिशेला जात असतो. अलास्काच्या आखाताजवळ मावळतीही झाली. सहा तासांत दिवस संपला. सूर्य उगवला शुक्रवारी आणि मावळला गुरुवारी! मग पुन्हा रात्र, खाली कॅनडाचा अंधार, कुठेतरी एखाद्या गावाचे दिवे. झोपेला काहीच कळेनासं झालं होतं. शरीराला काय झालंय हे कुणी विचारू नये अशा अवस्थेत मी तिसरं जेवण जेवले, ते नाश्ता होता की रात्रीचं याचा निवाडा अजून झालेला नाही. नेवार्कला उतरलो तेव्हा शुक्रवारच होता, पहाट, आणि उजाडायला तासभर अवकाश. तमिळ बाईंचं घड्याळ मिनिटाला बरोबर होतं.

एडिसनमध्ये भाचीचा नवरा विमानांचा शौकीन निघाला. त्याच्या मते हे सगळं लवकरच जुनं होणार. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने सिडनी-लंडनसाठी ए३५०-१००० विमानं मागवली आहेत, आत २० हजार लिटरची जास्तीची टाकी बसवून. ते अंतर १७ हजार किलोमीटरचं, वेळ वीस तासांच्या वर. २०१९मध्ये त्यांनी न्यूयॉर्क-सिडनी असं एक चाचणी-उड्डाण मोजक्या माणसांना घेऊन केलं होतं, त्याला १९ तास १६ मिनिटं लागली. पृथ्वीच्या पाठीवर कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर वीस हजार किलोमीटरच्या फारसं पुढे जाऊच शकत नाही, म्हणजे या शर्यतीला शेवट आहे आणि तो आता दिसू लागलाय. मला विचाराल, तर सतरा हजारासाठी मी मधे उतरेन, आंघोळ करेन, खरीखुरी इडली खाईन आणि पुढचं विमान पकडेन. चार तास उशीर झाला तर झाला.

परतीच्या वेळी पॅसिफिक पुन्हा दिसेल असं मला वाटत होतं. पण वारा तर पश्चिमेकडूनच वाहणार. पॅसिफिकवरून परत यायचं म्हणजे तोच ताशी दोनशेचा वारा तोंडावर घ्यायचा. तेव्हा आमचं विमान निघालं ते अटलांटिकवर, पुन्हा पूर्वेकडे! युरोप, मग कॅस्पियन समुद्र, आणि तिथून खाली दक्षिण आशियाकडे. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा झाली, तीही दोन्ही वेळा पाठचा वारा घेऊन. अंतर भूमितीपेक्षा जास्त, वेळ मात्र जाताना लागला तेवढाच.

पडद्यावर विमानाचं चित्र उत्तर भारतात शिरलं तेव्हा अजून चारेक तासांचा प्रवास बाकी होता. आम्ही देशावरून तिरपे जात बंगालच्या उपसागरावर निघालो. पुण्याला जायचं असलेली मी पुण्यापासून दूर दूर जात होते. चांगीला उतरून भावाकडे झोपेची उधारी फेडली आणि मग मुंबईचं विमान धरलं. ३,९०० किलोमीटर, साडेपाच तास, आणि या वेळी वारा समोरून.